आधी कोण, नंतर कोण?

'पदवी घेतल्यावर पुढे काय?' हा प्रश्न आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच विचारला जातो. घरचे विचारतात, शेजारी विचारतात, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण स्वतःलाही विचारतो. त्याचे सर्वांत जवळचे उत्तर म्हणजे स्पर्धा परीक्षा. बँक, रेल्वे, लोकसेवा आयोग ही नावे आता महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि लोकलच्या डब्यात सारखीच ऐकू येतात. परंतु या परीक्षांचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळ जण एक वाक्य ठरलेले असल्याप्रमाणे बोलतात : "इतिहास-राज्यशास्त्र जमेल हो, पण ती बुद्धिमत्तेची कोडी म्हणजे सायन्सवाल्यांचे काम!"

प्रस्तुत लेखात याच समजाचा विचार करावयाचा आहे. बुद्धिमत्ता चाचणीत अनेक प्रकारचे प्रश्न असतात. त्यांपैकी मी फक्त एक प्रकार निवडला आहे. सहा-सात माणसे किंवा कार्यक्रम, तितकेच वार किंवा महिने, आणि कोण कधी हे आडवळणाने सांगणारी पाच-सहा वाक्ये. अशा वेळापत्रकाच्या कोड्यांना घाबरून आपण पान उलटतो. माझे म्हणणे एवढेच की ही कोडी गणिताची नाहीत, वाचनाची आहेत. आणि वाचन हे तर आपले, कला शाखेचे, काम आहे.

हे मी कोणत्या अधिकाराने लिहिते, असे कोणी विचारील. अधिकार काहीच नाही. मी कोपरला राहते. (हे नाव सांगितले की लोक आधी हाताचे कोपर दाखवतात. सकाळच्या गाडीत जागा करायला तेच उपयोगी पडते, ही गोष्ट वेगळी.) आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील कारखान्यात पाळीने कामाला जातात, आई पोळीभाजीचे डबे करून देते. कोणती परीक्षा कोण घेते, हे सांगणारे घरात कोणी नव्हते आणि खाजगी वर्गाची फी परवडणारी नव्हती. तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका, ग्रंथालयातील पुस्तके आणि एक दोनशे पानी वही एवढ्या भांडवलावर मी जे जमवले, तेच आपल्यापुढे ठेवत आहे.

या कोड्यांचे महत्त्व किती?

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. बँकांच्या लिपिक व अधिकारी पदांसाठी आयबीपीएस ही संस्था जी पूर्वपरीक्षा घेते, तिच्या गेल्या काही वर्षांच्या नमुन्यात तर्कक्षमतेचे ३५ प्रश्न असतात आणि वेळ असतो २० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३४ सेकंद! एका कोड्यावर बहुधा चार-पाच प्रश्न असतात. ते सोडवायला तीन मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. पण याचा दुसरा अर्थ असा की एकदा तक्ता जुळला की पाच उत्तरे एकदमच हाती पडतात.

संघ लोकसेवा आयोगाने नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ साली 'सी-सॅट' ही क्षमता चाचणी आणली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ पासून राज्यसेवेला तोच मार्ग धरला. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. या पेपरामुळे ग्रामीण व कला शाखेच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, अशी तक्रार देशभर झाली आणि २०१५ पासून संघ आयोगाने तो केवळ पात्रतेपुरता, ३३ टक्क्यांचा, ठेवला. पुढे राज्य आयोगानेही तसेच केले. पात्रतेपुरता म्हणजे सोपा, असे मात्र नाही. २०० पैकी ६६ गुणांसाठी, प्रत्येकी अडीच गुणांचे, निदान २७ प्रश्न बरोबर यावे लागतात, आणि चुकीच्या उत्तरांचे गुण कापले जातात ते निराळेच. या पेपरात जो अडकला त्याच्या इतिहास-भूगोलाच्या पेपराकडे कोणी पाहतही नाही.

आनंदाची गोष्ट अशी की केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सार्वजनिक बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा इंग्रजी-हिंदीबरोबर १३ प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचे जाहीर केले. त्यांत मराठी आहे. म्हणजे 'कोडे इंग्रजीत होते म्हणून कळले नाही' ही सबब आता तिथे उरलेली नाही. आता आपली मराठी आपल्याला नीट वाचता येते का, हाच खरा प्रश्न आहे.

एक नमुना

कोरड्या नियमांपेक्षा एक कोडे प्रत्यक्ष सोडवून पाहू. समजा, आपल्या स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार रोज एक याप्रमाणे सहा कार्यक्रम आहेत : वक्तृत्व, एकांकिका, रांगोळी, कबड्डी, काव्यवाचन आणि गायन. अटी अशा :

१. काव्यवाचनाच्या लगेच दुसऱ्या दिवशी गायन आहे.
२. वक्तृत्व आणि एकांकिका यांच्या दरम्यान बरोबर दोन कार्यक्रम आहेत.
३. रांगोळी गायनाच्या आधी आहे.
४. कबड्डी मंगळवारी नाही.
५. वक्तृत्व बुधवारी आहे.

अटी वाचण्यापूर्वी हे कार्यक्रम किती प्रकारे लावता येतील? सोमवारी सहांपैकी कोणताही, मंगळवारी उरलेल्या पाचांपैकी कोणताही, असे करत ६×५×४×३×२×१, म्हणजे ७२० प्रकारे. एवढे प्रकार लिहीत बसलो तर परीक्षा संपेल. पण अटी योग्य क्रमाने घेतल्या तर काय होते ते पाहा.

पहिला नियम : अटी ज्या क्रमाने छापल्या आहेत त्या क्रमाने घेण्याचे बंधन नाही. सगळ्या एकदा वाचून सर्वांत ठाम अट शोधावी. इथे ती शेवटची आहे. वहीत सहा वारांच्या सहा चौकटी आखून बुधवारी 'वक्तृत्व' लिहिले, की ७२० चे १२० उरतात.

दुसरा नियम : ठाम अटीला जी अट चिकटते ती पुढे घ्यावी. वक्तृत्वाचा उल्लेख दुसऱ्या अटीत आहे. बुधवार आणि एकांकिका यांच्यामध्ये दोन दिवस हवेत. बुधवारच्या मागे तेवढी जागाच नाही. पुढे मोजल्यास शनिवार येतो. एकांकिका शनिवारी. आता २४ प्रकार उरले.

तिसरा नियम : जिथे दोन वाटा फुटतात तिथे दोन्ही लिहाव्यात, मनात ठेवू नयेत. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार रिकामे आहेत. काव्यवाचन व गायन लागोपाठ हवेत. म्हणजे ते सोम-मंगळ तरी असतील किंवा गुरु-शुक्र तरी. दोन तक्ते शेजारी शेजारी मांडावेत. उरलेल्या दोन कार्यक्रमांची अदलाबदल धरून आता फक्त ४ प्रकार राहिले.

चौथा नियम : प्रत्येक वाटेवर उरलेली अट लावून पाहावी. रांगोळी गायनाच्या आधी आहे. गायन मंगळवारी धरले तर आधी फक्त सोमवार, आणि तिथे काव्यवाचन बसलेले. रांगोळीला जागा नाही. तेव्हा पहिल्या तक्त्यावर निःशंकपणे काट मारावी. काव्यवाचन गुरुवारी, गायन शुक्रवारी. २ प्रकार उरले. कबड्डी मंगळवारी नाही, म्हणून ती सोमवारी आणि रांगोळी मंगळवारी. एकच प्रकार उरला, तेच उत्तर.

७२०, १२०, २४, ४, २, १ ही उतरण मुद्दाम दिली आहे. यात एकही बेरीज-वजाबाकी करावी लागली नाही. प्रत्येक वाक्याने नेमके काय सांगितले आणि त्यामुळे काय अशक्य झाले, एवढेच पाहिले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'शनिवारी कोणता कार्यक्रम?' असा प्रश्न असता तर तो दोनच अटींवर सुटला असता. 'गायनाच्या आधी किती कार्यक्रम झाले?' हा प्रश्न चौथ्या अटीशिवाय सुटतो. म्हणून कोडे मध्येच अडले तरी सगळे सोडून देऊ नये. अर्ध्या तक्त्यावरही दोन-तीन प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.

शब्दांचे सापळे

आता माझ्या मते या लेखाचा जो गाभा आहे त्याकडे वळते. ही कोडी चुकतात ती बहुधा शब्दांवर. 'आधी' आणि 'लगेच आधी' यांत एका शब्दाचा फरक आहे. पण 'आधी' म्हणजे कितीही आधी, आणि 'लगेच आधी' म्हणजे अगदी खेटून. वरच्या कोड्यात रांगोळी 'लगेच आधी' असे वाचले, तर गायनाच्या अगदी आदल्या दिवशी काव्यवाचनही हवे आणि रांगोळीही, असा पेच पडून कोडे सुटणारच नाही. 'दोन कार्यक्रम दरम्यान' आणि 'दोन दिवसांनी' हेही एक नव्हे. सोमवारनंतर दोन दिवसांनी बुधवार. पण सोमवारपासून दोन दिवस मध्ये सोडले तर गुरुवार.

शिवाय आपल्या बोलण्यातली मोजणी निराळी आहे. पाच दिवसांचा गणपती म्हणताना आपण बसवण्याचा दिवस धरून मोजतो. 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी ये. प्रत्यक्षात ते सातच दिवस असतात. 'पंधरा दिवसांनी' म्हणताना बहुधा दोन आठवडे, म्हणजे चौदा दिवस, मनात असतात. व्यवहारात यावाचून काही अडत नाही, कारण ऐकणाऱ्याला सवय असते. प्रश्नपत्रिकेत मात्र आठ म्हणजे आठच. सोमवारनंतर आठ दिवसांनी मंगळवार येतो, सोमवार नव्हे. आणि 'परवा' या शब्दाची तर गंमतच आहे. तो मागेही जातो आणि पुढेही. 'परवा झाला' की 'परवा होईल' हे क्रियापद पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्याने व्याकरणाच्या तासाला लक्ष दिले असेल, त्याला हे सांगावे लागणार नाही.

'आणि', 'किंवा', 'फक्त', 'निदान', 'पैकी', 'वगळता' या छोट्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारण्याची सवय मी लावून घेतली. 'नाही' या शब्दाभोवती तर वर्तुळच काढते. नकाराची अट आपल्याला दुबळी वाटते, कारण ती कोण कुठे आहे ते सांगत नाही. परंतु वरच्या कोड्याची शेवटची गाठ 'कबड्डी मंगळवारी नाही' या नकारानेच सुटली.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याने एक पथ्य मात्र पाळायला हवे. कविता शिकताना आपण दोन ओळींमधले न लिहिलेले वाचायला शिकतो. इथे फक्त ओळी वाचायच्या. 'रांगोळी नेहमी पहिल्याच दिवशी असते' हे आपल्या महाविद्यालयापुरते खरे असेल, पण कोड्यात ते लिहिलेले नाही. म्हणून ते नाही.

याच जातीच्या दुसऱ्या कोड्यांबद्दल दोनच शब्द. महिने दिले असतील तर '३१ दिवसांचा महिना' अशी अट हमखास येते. मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजण्याची लहानपणची युक्ती तिथे पुरते. आणि बैठकीच्या कोड्यात समोरासमोरच्या दोन रांगा असतील तर पंगत आठवावी : समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो.

अंदाज करावा की करू नये?

चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अनेक जण धास्तावतात. त्यामागचा हिशेब साधा आहे. बँकेच्या परीक्षेत पाच पर्याय आणि चुकल्यास पाव गुण वजा. डोळे मिटून पाच प्रश्नांवर खुणा केल्या तर सरासरीने एक बरोबर आणि चार चूक : एक गुण मिळाला, एक गेला, हाती शून्य. संघ आयोगाच्या परीक्षेत चार पर्याय आणि एकतृतीयांश गुण वजा : एक बरोबर, तीन चूक, पुन्हा शून्यच. म्हणजे आंधळ्या अंदाजाला ना बक्षीस ना शिक्षा, असा हा हिशेब जमतो. परंतु तक्त्यावरून एक जरी पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर सरासरी आपल्या बाजूला झुकते. याला नशीब म्हणता येणार नाही. ते अर्धवट का होईना, विचार केल्याचे फळ आहे.

ही विद्या नवी नाही

अशक्य ते वगळत जाऊन उरलेले स्वीकारणे, ही पद्धत परीक्षा मंडळांनी शोधलेली नाही. न्यायसूत्रावरील वात्स्यायनाच्या भाष्यात 'शेषवत्' अनुमानाचा एक अर्थ परिशेष असा दिला आहे : शब्द हा द्रव्य, गुण की कर्म? द्रव्य नव्हे, कर्म नव्हे. तेव्हा तो गुण. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे परिचित असेल. युरोपात 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरल हे ऑक्सफर्डला गणित शिकवीत. त्यांनी १८९६ मध्ये तर्कशास्त्रावरील आपले पुस्तक मजेदार कोड्यांनी भरून टाकले. पाच घरे, पाच देशांचे रहिवासी आणि 'झेब्रा कोणाचा?' हे जगप्रसिद्ध कोडे १९६२ मध्ये 'लाइफ इंटरनॅशनल' नियतकालिकात छापले गेले.

अमेरिकेत कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत अशा कोड्यांचा एक स्वतंत्र विभागच होता. अंध उमेदवारांनी त्यावर आक्षेप घेतला की ही कोडी आकृती काढल्याशिवाय सुटत नाहीत आणि आकृती आम्हांला काढता येत नाही. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग वगळण्यात आला. परीक्षा खरोखर कशाची परीक्षा घेते, हा प्रश्न विचारणे उमेदवाराचाही हक्क आहे, हे यावरून दिसते. आपल्याकडे सी-सॅटबद्दल जे झाले तेही त्याच जातीचे होते.

कागदाबाहेरची वेळापत्रके

ही कोडी केवळ परीक्षेपुरती आहेत, असेही नाही. आमचे कोपर स्थानक दुमजली आहे. खाली कल्याण-मुंबईचा मार्ग, वर दिवा-वसईचा. खालच्या फलाटावर धिम्या गाड्या थांबतात, जलद गाड्या धडधडत निघून जातात. रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा मूळ नियम. आपल्या कोड्यातील 'एका दिवशी एकच कार्यक्रम' तो हाच. दिवा-ठाणे टप्प्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांना पूर्वी लोकलच्याच रुळांवरून जावे लागे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली, म्हणजे कोड्याच्या भाषेत बोलायचे तर चौकटी वाढल्या.

आमच्या घरातही रोज पहाटे एक कोडे सुटते. गॅसच्या शेगड्या दोन, नळाला पाणी ठराविक वेळीच, वडिलांची पहिली पाळी असेल तर त्यांचा डबा आधी, इतर डबे आठच्या आत, आणि कणीक भिजवल्यावर थोडी मुरली पाहिजे. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. तक्ता, अट, पर्याय हे शब्द तिच्या तोंडी नाहीत. पण कशाच्या आधी काय झालेच पाहिजे आणि काय मागे ढकलले तरी चालेल, हे तिला पक्के ठाऊक असते. पाणी उशिरा आले की ती सगळा क्रम नव्याने लावते. तिला हे कोडे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अगं, आधी ठरलेलं धरायचं, मग बाकीचं बसवायचं." वर मी चार नियमांत जे लिहिले, ते थोडक्यात हेच.

आपल्या प्राध्यापकांनाही हा अनुभव असेलच. दरवर्षी महाविद्यालयाचे वेळापत्रक बसवताना खोल्या, तास आणि शिक्षक यांची जी ओढाताण होते ती आपण पाहतो. असे वेळापत्रक बसवण्याचा प्रश्न संगणकालाही अवघड जाणाऱ्या प्रश्नांच्या गटात मोडतो, हे इव्हन, इताई आणि शमीर यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले. परीक्षेतले कोडे त्या मानाने फारच सोपे; कारण त्याला उत्तर आहे आणि ते एकच आहे, याची हमी प्रश्न काढणाऱ्याने आधीच दिलेली असते. घरच्या आणि कॉलेजच्या वेळापत्रकाला अशी हमी कोणी देत नाही.

जाता जाता

वाचकांसाठी एक कोडे ठेवते. कल्याणहून मुंबईकडे निघालेल्या एकाच धिम्या लोकलमध्ये पाच मित्रमैत्रिणी कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर आणि दिवा येथे एकेक करून चढतात. अनिता चढली तेव्हा बाकीच्यांपैकी दोघे गाडीत होते. ईश्वरीच्या लगेच पुढच्या स्थानकावर दिनेश चढतो. बाळू चढण्यापूर्वी चंदा गाडीत होती. दिनेश दिव्याला चढत नाही. तर कोपरला कोण चढले? (उत्तर चंदा आहे, पण ते का, हे तक्ता मांडून पाहावे.)

मित्रहो, ठाण्याला महापालिकेची जी प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे तिला चिंतामणराव देशमुखांचे नाव दिलेले आहे. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांची बुद्धी आपल्याला मिळणार नाही, हे उघड आहे. पण वाक्य शेवटपर्यंत वाचायचे, जे लिहिले आहे तेवढेच धरायचे, आणि जे अशक्य आहे त्यावर काट मारून पुढे जायचे, एवढे तरी कोणालाही जमण्यासारखे आहे. रोज एक कोडे, घड्याळ लावून, सहा महिने. याला ना फी लागते ना विज्ञान शाखा. आपल्या ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिकांची फाईल आहे. ती मागायला गेले तेव्हा तिच्यावर धूळ होती. येत्या वर्षी ती मिळवण्यासाठी मला रांगेत उभे राहावे लागले, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

(द्वितीय वर्ष, कला)